दादा, ही स्टिक तुमची आहे

पूल, म्हणजे स्टिकने टेबलावर बॉल मारायचा खेळ, खेळणाऱ्या कऱ्हाडच्या एका तरुणाने विचारलं आहे: "नऊ वर्षं पूल खेळतोय. सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या स्पर्धांत बहुतेक वेळा शेवटच्या चारांत असतो. पूल पार्लरमधल्या मित्रांच्या स्टिकना टोकाच्या चामडी टिपा मीच बसवून देतो. आता ऑर्डरप्रमाणे क्यू, म्हणजे खेळायच्या स्टिक, बनवायचं काम सुरू करावं असं वाटतंय. चांगला खेळाडू असल्याचा यात किती उपयोग होतो? सुरुवात कुठून करू? नोकरी सोडू का?"

नोकरी सोडू नका. दोन पावसाळे तरी नाहीच. वर्षं न म्हणता पावसाळे का म्हणतो, ते लाकडाविषयी सांगेन तेव्हा कळेल.

चांगल्या खेळाडूचा हात या कामात उपयोगी पडतो, आणि तोच हात आडवाही येतो. मी बारा वर्षं सांगली-मिरजेच्या टेबलांवर खेळून मग लेथपुढे, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रापुढे, उभा राहिलो. आता या कामाला सोळा वर्षं झाली. त्यामुळे दोन्ही बाजू अंगावर घेतलेल्या आहेत.

उपयोग कुठे होतो ते आधी सांगतो. कुणी बिघडलेली स्टिक आणून दिली की मी पाच-सहा शॉट मारतो आणि बहुतेक वेळा दुखणं कळतं. जॉइंट, म्हणजे स्टिकचे दोन भाग जुळतात ती जागा, सैल असेल तर मनगटात बारीक झिणझिण येते. फेरूलला, म्हणजे टिपेखालच्या कड्याला, केस गेलेला असेल तर 'टक्' ऐवजी चिरका आवाज येतो. टिप वरून गुळगुळीत होऊन दगडासारखी झाली असेल तर चॉक धरत नाही आणि साइड मारताना, म्हणजे बॉलच्या मध्याऐवजी डाव्या-उजव्या कडेला मारताना, मिसक्यू होतो, टिप घसरते. हे ज्ञान लेथवर मिळत नाही. आमच्या कुपवाड एमआयडीसीत माझ्यापेक्षा शंभर पट हुशार टर्नर आहेत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत काम काढून देतील. पण हातात आलेली स्टिक बेजान आहे की जिवंत, हे त्यांना सांगता येणार नाही, कारण त्यांनी रात्र-रात्र खेळून ते हातात मुरवलेलं नाही. तुमच्याकडे नऊ वर्षांचं हे भांडवल आहे आणि ते मोठं आहे.

आता आडवं कसं येतं. मी बनवलेली चौथी स्टिक कोल्हापूरच्या एका मुलाने घेतली. मुलगा खेळायला फार देखणा होता, लांब हाताचा. त्या स्टिकवर मी जीव ओतला होता. वजन 20 औंस, म्हणजे साधारण 567 ग्रॅम. टिप 13 मिलिमीटरची, फेरूल चांगला इंचभर लांब आणि जाड, शाफ्ट, म्हणजे पुढचा निमुळता भाग, कडक. तीन आठवड्यांनी तो ती घेऊन आला. पैसे परत मागितले नाहीत, तक्रारही केली नाही. म्हणाला, "दादा, स्टिक एक नंबर आहे. पण ही तुमची आहे. माझी न्हाई."

तो गेल्यावर मी तिच्यावर तासभर खेळलो. खरंच, माझ्यासाठी त्याहून चांगली स्टिक मी आजवर बनवलेली नाही. प्रत्येक बॉल मनात होता तिथे जात होता. त्याच्या हातात मात्र साइड लावली की पांढरा बॉल उलट्या बाजूला सुटत होता. याचं कारण मला पुरतं समजायला पुढे कित्येक महिने गेले. ते इथे नीट मांडतो, कारण खेळाडूला जे 'फील' वाटतं त्याचं बनवणाऱ्याने माप कसं करायचं, हे त्यातून दिसतं.

पांढऱ्या बॉलला उजवीकडे मारलं तर तो नेमका स्टिकच्या रोखाने जात नाही, किंचित डावीकडे सुटतो. डावीकडे मारलं तर उजवीकडे. टिप आणि बॉल एकमेकांना सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा वेळच भेटतात. तेवढ्या वेळात स्टिकच्या टोकाकडची काही इंचंच आडवी हलतात, मागच्या बाजूला पत्ताही लागत नाही. म्हणून बॉल किती सुटणार ते त्या टोकाच्या वजनावर ठरतं. तिथे जाड लाकूड आणि लांब, जड फेरूल असेल तर बॉल जास्त सुटतो. टोक हलकं असेल तर कमी. अमेरिकेत 1990 च्या दशकात शाफ्टचं टोक आतून पोकळ करून विकायला सुरुवात झाली ती याच हिशोबाने.

पुढचं मात्र खेळाडूवर येतं. आपल्याकडचे पुष्कळजण साइड लावताना पुढचा हात, म्हणजे ब्रिज, तिथेच ठेवून मागचा हात फिरवतात. असं फिरवलं की स्टिकचा रोख आपोआप साइडच्या बाजूला वळतो आणि बॉल सुटतो उलट्या बाजूला. दोन्ही चुका सारख्या असल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. त्या कधी सारख्या होतात? ब्रिजपासून बॉलपर्यंतचं अंतर त्या शाफ्टला जुळलं तर. जड टोकाच्या शाफ्टला हे अंतर कमी लागतं, हलक्या टोकाच्या शाफ्टला जास्त. माझा ब्रिज आठ-नऊ इंचांचा, मारणं आखूड आणि ठोसा दिल्यासारखं. त्या मुलाचा ब्रिज तेरा-चौदा इंचांचा. मी माझ्या अंतराला जुळणारं टोक केलं होतं आणि ते त्याच्या हातात दिलं होतं. ब्रिज लांब असला की रोख कमी वळतो आणि बॉल सुटतो मात्र तितकाच. म्हणून त्याने उजवी साइड लावली की बॉल डावीकडे जायचा.

हे पार्लरमध्ये तपासून बघा. टेबलाच्या लांबीत एक बॉल समोर ठेवा. सरळ नेम धरून फक्त मागचा हात फिरवत साइड लावा आणि मध्यम जोरात मारा. समोरचा बॉल पूर्ण लागतो का बघा. ब्रिजचं अंतर इंच-इंच बदलत जा. जिथे पूर्ण लागेल तो त्या शाफ्टचा आकडा. पार्लरमधल्या दहा वेगवेगळ्या स्टिकचे आकडे वहीत लिहा. शेजारी टिपची जाडी, फेरूलची लांबी, शाफ्टचं वजन लिहा. तयार पूल शाफ्ट साधारण 100 ते 120 ग्रॅमचा असतो, घरच्या सोनारकाट्यावर मोजता येतो. ही वही तुमचा पहिला गुरू.

त्या स्टिकनंतर काही दिवस मी काम बंद ठेवलं. माझं नशीब चांगलं की मी सांगलीत राहतो आणि मिरज दहा किलोमीटरवर आहे. लाकूड कसं मुरवतात हे विचारायला मी मिरजेच्या एका सतारमेकर चाचांकडे गेलो. तिथली शिकलगार घराणी मूळची हत्यारांना धार लावणारी. दीडशेहून अधिक वर्षांपासून सतारी आणि तंबोरे बनवतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता.

चाचा तेव्हा एका तंबोऱ्याला जवारी लावत होते. घोडीवर तारा टेकतात तिथे कानशीने इतकं हलकं घासायचं की डोळ्याला काही दिसत नाही, पण आवाज उघडतो. गायिका समोर बसलेली. चाचांनी आधी पट्टी विचारली, ती म्हणाली काळी चार. मग म्हणाले, थोडं गा. ती गायली. चाचांनी दोनदा घासलं, तार छेडली, पुन्हा गायला सांगितलं. अर्धा तास हे चाललं. ती गेल्यावर मी विचारलं, चाचा, तुम्ही गाता का? म्हणाले, "नाही बेटा. गात असतो तर माझ्या गळ्याला लावली असती."

त्या वाक्याने माझं काम बदललं. तुम्हाला गाता येतं, म्हणजे खेळता येतं. त्यामुळे तुम्हाला चाचांपेक्षा एक गोष्ट जास्त करावी लागेल. समोरचा खेळत असताना आतला खेळाडू गप्प बसवावा लागेल. मला हे जमायला तीन वर्षं लागली.

आता ऑर्डर घेताना मी किती औंस, किती मिलिमीटर हे शेवटी विचारतो. आधी खेळायला सांगतो, माझ्या टेबलावर, त्याच्या रोजच्या स्टिकने. तासभर बघतो. ब्रिज किती लांब, मागचा हात कुठे धरतो, मारताना मूठ आवळतो का, ब्रेक करताना, म्हणजे पहिला फोडणारा शॉट मारताना, अंग किती टाकतो. उंची बघतो. पूल क्यू साधारणपणे 58 इंचांचा असतो, मध्ये जोडलेला, 29 आणि 29. पण पाच फूट दोन इंच उंचीच्या मुलीला तो तसाच दिला तर बटाची, म्हणजे मागच्या जाड भागाची, पाच इंचं तिच्या मुठीच्या मागे नुसती लोंबतात आणि तोल मागे जातो. तिला 56 चा द्यावा. तोलाचा बिंदू बटाच्या टोकापासून 18-19 इंचांवर येईल असं बघतो, मग खेळणाऱ्याप्रमाणे अर्धा-पाऊण इंच पुढेमागे.

मग त्याची जुनी स्टिक हातात घेऊन उजेडात तिरकी धरतो. माणूस बोलताना चुकतो, स्टिक चुकत नाही. मिरजेचे एक डॉक्टर आले होते. शस्त्रक्रिया करणारे, बोटं जाड, पण हात विलक्षण स्थिर. म्हणाले, मला बारीक बट हवा, जाड बटाने हात दुखतो. त्यांच्या जुन्या स्टिकवर पॉलिश जिथे उडालं होतं तिथे चार बोटांचे चार वेगळे खळगे दिसत होते. म्हणजे ते स्टिक बोटांत टांगत नव्हते, मुठीत आवळत होते. बारीक बट आणखी आवळावा लागतो. मी त्यांना मुठीच्या जागी दीड मिलिमीटर जाड बट बनवून दिला आणि वर काही गुंडाळलं नाही, नुसतं लाकूड ठेवलं. द्यायच्या आधी सांगितलं, की तुम्ही मागितलं त्याच्या उलट केलंय, महिनाभर खेळा, नको वाटलं तर मी परत घेतो. सात वर्षं झाली, तीच स्टिक वापरतात. हात दुखायचा थांबला. हे मला खेळाडू म्हणून सुचलं नसतं, कारण माझा हात कधी दुखलाच नाही.

आता लाकूड आणि पावसाळे.

शाफ्टसाठी पूलमध्ये हार्ड मेपल नावाचं कठीण लाकूड वापरतात, उत्तर अमेरिकेतलं. स्नूकरच्या स्टिकला बहुधा ॲशचं लाकूड, बटाला काळं एबनी. स्नूकरचं टोक साडेनऊ-दहा मिलिमीटर, पितळी फेरूल, आणि उतार टोकापासून सरळ वाढत जाणारा. पूलचा शाफ्ट 13 मिलिमीटरच्या आसपास निघतो, दहा-बारा इंचं जवळजवळ तेवढाच राहतो आणि मग जॉइंटकडे साडेएकवीस मिलिमीटरपर्यंत फुगतो. शाफ्टची ही दोन्ही लाकडं आयात होतात. मुंबई-पुण्याच्या फर्निचरवाल्या वखारींतून फळ्या मिळतात, पण त्यातून दहात एक तुकडा शाफ्टच्या लायकीचा निघतो. रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावली पाहिजे. मध्येच बाजूला बाहेर पडणारी रेष असेल तर तो तुकडा एक दिवस तिथूनच वाकणार किंवा फुटणार. कापलेला चौकोनी दांडा दोन बोटांत सैल धरून टिचकी मारा, किंवा फरशीवर हलकेच उभा टाका. चांगला दांडा घंटेसारखा वाजतो, बाकीचे थपथप करतात. मिरजेत भोपळा निवडताना तो बोटाच्या सांध्याने वाजवून बघतात, तसंच हे.

आणि मग थांबायचं. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. माझ्या खोलीत एप्रिलमध्ये ओलावा मोजला तर 7-8 टक्के येतो. जुलै-ऑगस्टमध्ये तेच लाकूड 14-15 दाखवतं. दर वर्षी हे वर-खाली होतं आणि आतले ताण सुटत राहतात. लेथवर एक थर काढला की दबलेला ताण मोकळा होतो आणि दांडा वाकतो. तो वाकू द्यायचा. किमान महिनाभर लटकवून ठेवायचा, मग पुन्हा अर्धा-एक मिलिमीटरचा थर काढायचा. इंचभर जाड दांड्यापासून 13 मिलिमीटरपर्यंत यायला मी आठ वेळा कापतो आणि त्यात दीड वर्ष जातं. शाफ्ट भिंतीला टेकवून कधी ठेवू नका. वरच्या टोकाला हूक लावून ओळंब्यासारखा लटकवा. शेवटचं कापणं जून ते सप्टेंबर अजिबात नाही. मी ते दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत उरकतो.

दोन पावसाळे म्हणतो ते यासाठी. एका पावसाळ्यात सरळ राहिलेला शाफ्ट नशिबाने राहिलेला असू शकतो. दुसराही पावसाळा सरळ काढला तर मी त्यावर विश्वास ठेवतो. माझ्या सुरुवातीच्या स्टिकपैकी सहा पहिल्याच आषाढात वाकल्या. सहाही मी परत घेतल्या, पैसे दिले. ते वर्ष घरात फार ओढाताणीचं गेलं. पण लोकांनी पुढे ऑर्डर दिल्या त्या त्या सहा स्टिकमुळेच.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेलं. माझी तेव्हाची जागा गावभागाजवळ होती. लेथ पाण्यात गेला, मोटर गेली. शाफ्ट माळ्यावर टांगलेले होते, त्यांना पाण्याचा थेंब लागला नाही. मला वाटलं, निदान लाकूड वाचलं. पाणी ओसरल्यावर भिंती महिनाभर घाम गाळत होत्या आणि त्या वाफेत 40 पैकी 26 शाफ्ट पिळले. काही तर शेवटच्या कापण्यावर आलेले होते. एक-एक करून ते फरशीवर लोळवून बघत होतो. सरळ दांडा गप्प घरंगळतो, वाकलेला टकटक करत जातो. ती टकटक मला अजून ऐकू येते. उरलेल्या 14 शाफ्टच्या स्टिक आजही खेळात आहेत आणि त्यातली एकही पुन्हा हललेली नाही. आता कारखाना कुपवाडला उंचावर आहे आणि शाफ्टसाठी वेगळी बंद खोली आहे. तिथे पावसाळाभर ओल शोषणारं यंत्र चालतं. तुम्ही कऱ्हाडला नदीकाठी असाल तर जागा निवडताना हे लक्षात ठेवा.

लेथविषयी थोडक्यात. नवा घेऊ नका. कुपवाड, मिरज, पलूस भागात जुने लेथ विकायला निघतात, तुमच्याकडे ओगलेवाडी-कऱ्हाडच्या बाजूलाही चौकशी करा. दोन गोष्टी बघा. दांडा ज्यांच्यामध्ये धरला जातो त्या दोन सेंटरमध्ये किमान 32 इंच जागा हवी. आणि स्पिंडलचं, म्हणजे लेथच्या फिरणाऱ्या दांड्याचं, भोक 35 मिलिमीटरच्या वर हवं, कारण बटाचा मागचा भाग 32 मिलिमीटरपर्यंत जाड असतो आणि तो चकातून, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्यातून, आरपार गेला पाहिजे. दुसरी अट बघायची मी विसरलो होतो आणि पहिला लेथ वर्षभरात विकावा लागला. उतार कापायला पात्याऐवजी फिरता राउटर बसवा. पात्याने बारीक दांडा दाबला जाऊन थरथरतो आणि अंगावर लाटा उमटतात.

जॉइंट हा खरा कसोटीचा भाग. दोन भाग जोडणारी पिन लाकडाच्या नेमक्या मध्यात आणि दोन्ही तोंडं तंतोतंत सपाट, एवढंच काम आहे, पण पहिली वीस-पंचवीस बिघडतील. दोन्ही भाग जोडून कागदाची पट्टी मध्ये सरकते का बघा. उजेडाची रेघ दिसली तरी पुन्हा करा. इथेच बारीक झिणझिण जन्माला येते. चिकटवायला दोन भाग मिसळून वापरायचा, सावकाश सुकणारा इपॉक्सी गोंद वापरा. पाच मिनिटांत घट्ट होणारा नको.

टिपेला मी जवारीच म्हणतो. दुकानात मिळणारी टिप बसवली आणि गोल केली की झालं असं नाही. साधारण नव्या एक रुपयाच्या नाण्याच्या कडेइतकी गोलाई बहुतेकांना चालते. जास्त साइड मारणाऱ्याला थोडी अधिक गोल, सरळ खेळणाऱ्याला थोडी चपटी. कडक टिप बॉलला झटकन सोडते, मऊ टिप मशरूमसारखी पसरते आणि पुन्हा पुन्हा घासावी लागते. थराथराची डुकराच्या कातड्याची टिप टिकते, महाग पडते. चामड्याची टिप फ्रान्समध्ये 1800 च्या सुरुवातीच्या वर्षांत आली असं मानतात. आज आपण बसवतो ती दिसायला फारशी वेगळी नाही. मी ग्राहकाला समोर बसवून टिप घासतो. दोन घासण्यांमध्ये तो चार शॉट मारतो. चाचांकडून उचललेली रीत आहे.

बटाच्या लाकडाबद्दल आपण भाग्यवान आहोत. शिसव, बाभूळ, खैर, चिंचेचा गाभा, टेंभुर्णीचा काळा गाभा. शिसवाचा आवाज मला सगळ्यांत आवडतो. पण वखारीची पक्की पावती घ्या, रस्त्यावर कुणी स्वस्त ओंडका देऊ केला तर हात लावू नका. शिसव ज्यात येतो ती अख्खी डालबर्जिया प्रजाती 2017 पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या कराराच्या, आंतरराष्ट्रीय यादीत आहे. स्टिक परदेशी पाठवायची वेळ आली तर नियम आधी वाचा. जुन्या स्टिकमध्ये हस्तिदंत असायचा, तो विषयच नको. आणि मास्क घाला. शिसवाच्या भुशाने अंगावर पुरळ येतं, दमा होतो. कठीण लाकडाची धूळ नाकातल्या कर्करोगालाही कारण ठरते. पहिली चार वर्षं मी रुमाल बांधून काम केलं आणि त्याची किंमत अजून हिवाळ्यात खोकताना मोजतो.

नक्षी, चार टोकांचे सांधे, नाव कोरणं, राजमुद्रा, गणपती, हे सगळं लोक मागतात. शंभर सरळ स्टिक बनवेपर्यंत यात पडू नका.

आता पैसे. पहिली दोन वर्षं दुरुस्ती करा. टिपा, फेरूल, सैल जॉइंट, काळवंडलेले शाफ्ट साफ करणं. सातारा ते कोल्हापूर या पट्ट्यात प्रत्येक पार्लरमध्ये भिंतीला लावलेल्या स्टिक असतात आणि त्यांची कुणी वास्तपुस्त करत नाही. मालकाशी महिन्याचा दर ठरवा. संध्याकाळी नोकरीनंतर दोन तास पुरतात. यात लेथचा हप्ता निघतो आणि त्याहून मोठी कमाई म्हणजे शेकडो मोडलेल्या स्टिक हातातून जातात. कुठली कुठे फुटते, कुठला गोंद सुटतो, कुठला जॉइंट पंधरा वर्षं टिकतो, हे नव्या स्टिक बनवून कळत नाही. जॉर्ज बालाबुष्का या रशियातून न्यूयॉर्कला गेलेल्या कारागिराचं नाव आज जगभर घेतात. तोही खेळणारा आणि लाकडात हात असलेला माणूस. 1959 मध्ये त्याने स्टिक बनवायला घेतल्या आणि 1975 मध्ये तो गेला. कामाचा काळ सोळाच वर्षांचा. पण लाकडाशी ओळख त्याच्या कितीतरी आधीची होती.

कार्बन फायबरच्या शाफ्टबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ग्राहक विचारतील. गेल्या दहाएक वर्षांत ते खूप पसरले. वाकत नाहीत, टोक हलकं असतं, आपल्या पावसाळ्याला भीत नाहीत. चांगली वस्तू आहे, तिला नावं ठेवू नका. मागेल त्याला कार्बनचा शाफ्ट आपल्या लाकडी बटाला जोडून द्या. पण ज्याला मऊ मारताना बॉलचं वजन बोटांत यावं असं वाटतं तो मेपलकडेच येतो, आणि त्याला तयार माल चालत नाही. तुमचा ग्राहक तो आहे.

स्नूकर हा खेळ 1875 मध्ये जबलपूरला, आपल्याच देशात जन्मला असं मानतात. 1958 मध्ये बिलियर्ड्सचं जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मले, पंकज अडवाणीही पुण्याचाच जन्म. टेबलं गल्लोगल्ली आहेत. तरी चांगली स्टिक हवी म्हटलं की मुलगा इंग्लंड, थायलंड, चीनकडे बघतो आणि कुणा अनोळखी माणसाच्या मापाची स्टिक घेऊन तिच्याशी जुळवून घेत बसतो. म्हणून कऱ्हाडात कुणी हे काम करायला निघालं तर मला मनापासून हवं आहे. आपल्या भागात चार-पाच हात तरी पाहिजेत.

दिवाळीनंतर एखाद्या रविवारी मिरजेला चला, चाचांच्या दुकानात एक सकाळ बसू. मग कुपवाडला माझ्याकडे. येताना तुमची रोजची स्टिक आणा, आणि ती पुसून आणू नका.